बाघ थर

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातल्या बाघ गावावरून नाव पडलेली, सागरी जीवाश्मांनी भरलेली खडकमालिका. नर्मदेच्या खोऱ्यात मध्य प्रदेशापासून गुजरातपर्यंत ती तुकड्यातुकड्यांनी उघडी पडली आहे. काळ उत्तर क्रिटेशस, म्हणजे सुमारे 10 ते 9 कोटी वर्षांपूर्वीचा. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मादागास्करलगत होता. जगभर समुद्राची पातळी चढलेली होती आणि नर्मदेच्या खचदरीतून पाणी पार माळव्याच्या पायथ्यापर्यंत आत शिरले.

तळाशी निमाड वालुकाश्म आहे; बाघची प्रसिद्ध बौद्ध लेणी त्यातच कोरली आहेत. त्यावर गाठाळ चुनखडक येतो. पावसापाण्याने गाठींमधली माती झिजते आणि गाठी सुट्या होऊन शेताच्या बांधावर लोळताना दिसतात. एखादी फोडली की आत शिंपला निघतो, कधी समुद्री अर्चिन या काटेरी, गोल कवचाच्या जीवाची पाच पाकळ्यांची नक्षी, तर कधी ‘प्लासेंटिसेरास’ या अमोनाइटाची, म्हणजे गुंडाळलेल्या कवचाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री जीवाची, चपटी चकती.

सर्वांत वरच्या चुनखडकाला जुन्या भूवैज्ञानिकांनी ‘कोरलाइन’, म्हणजे प्रवाळांचा, म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. खरे तर तो प्रवाळांचा नाहीच. भिंगाखाली पाहिले तर बारीक काटक्यांसारखे तुकडे दिसतात आणि प्रत्येकावर टाचणीच्या टोकाएवढी भोके. ही ब्रायोझोआ या वसाहत करून राहणाऱ्या चिमुकल्या जीवांची घरे. पिवळसर-तांबडा रंग लोहामुळे.

इथल्या अर्चिनांचे वर्णन ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ मार्टिन डंकन यांनी 1865 मध्ये अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावरील जीवाश्मांसोबत केले. पुढे बाघचे जीव तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीच्या समकालीन जीवांपेक्षा पश्चिमेकडच्यांशी अधिक जुळतात, असे मत मांडले गेले. समुद्र पश्चिमेकडून आला, या निष्कर्षाला त्यातून मोठे बळ मिळाले. थरांची तपशीलवार विभागणी भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी 1884 मध्ये केली. मयूरभंजच्या लोहखनिजाची माहिती जमशेदपूरच्या कारखान्याआधी टाटांना देणारे बोस ते हेच.

समुद्र हटल्यावर नद्या-तळ्यांचे लॅमेटा थर साचले. डायनोसॉरची अंडी मिळतात ती त्यांत. त्यावर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दक्खनचा लाव्हा पसरला, ज्याच्या काळ्या कातळाचा आपला सह्याद्री झाला. नर्मदेच्या उपनद्यांनी तो कापला तिथेच खालचा समुद्रतळ आज हाताला लागतो.