निंबाखालची सावली आणि भिंतीची सावली, फोटोसाठी दोन्ही सारख्या नाहीत

आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात फोटो काढायचा म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "चला, निंबाखाली सावलीत उभे राहा". अंगाला बरं वाटतं हे खरं, पण चेहऱ्याला ती सावली बऱ्याचदा चांगली नसते.

निंबाखाली कवडसे पडतात. नीट बघा, बरेचसे गोल असतात, कारण पानांच्या बारीक फटीतून सूर्याचीच छोटी प्रतिमा खाली पडते. तो कवडसा नाकावर आला की तिथे पांढरा डाग, आणि तो एडिटिंगमध्येही जात नाही कारण त्या जागी डिटेलच उरलेला नसतो. दाट झाड बघा किंवा माणसाला दोन पावलं सरकवा, एवढंच.

केळीच्या बागेत वेगळीच अडचण. मागे मामेबहिणीचे फोटो रावेरकडच्या एका बागेत घेतले, आत मस्त गारवा, कवडसेही कमी, पण घरी येऊन बघितलं तर गालावर आणि हनुवटीखाली हिरवट झाक. पानातून गाळून आलेला उजेड हिरवाच असणार ना. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे फोटोतली रंगाची झाक काढायच्या सेटिंगने, चेहरा सुधारला तर पिवळी साडी बिघडली. आता मी बागेत आत नेतच नाही, बांधावर उभं करतो, तोंड मोकळ्या आभाळाकडे, केळी मागे.

भिंतीच्या सावलीत हेच मिळतं, डोक्यावर पानं नाहीत आणि समोर भलंमोठं आभाळ, त्यामुळे उजेड मऊ येतो आणि डोळ्यात चमक दिसते. रंग जरा निळसर येतो, व्हाइट बॅलन्स 'शेड'वर टाकला की झालं. खाली फिकट फरशी असेल तर अजून छान, उजेड खालून वर येतो आणि डोळ्यांखालचं काळं भरून निघतं, काळ्या मातीच्या वावरात हे होत नाही. खात्री करायची तर आपला पंजा चेहऱ्याच्या उंचीवर धरून हळूहळू फिरवा, जिथे रेषा मऊ दिसतील त्या बाजूला चेहरा करा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र जळगावला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, भिंतीला सावलीच राहत नाही. तेव्हा घराचं दार उघडायचं, आजीला उंबऱ्याच्या हातभर आत बसवायचं आणि आपण अंगणात उन्हात उभं राहून फोटो काढायचा.