लोखंड तोडणारी आणि रुमाल कापणारी: तलवारींच्या तुलनेची पार्श्वभूमी

जपानची बाकदार तलवार कटाना सरस की युरोपातली लांब, दोन हातांनी धरायची लाँगस्वर्ड, वक्र पातं बरं की सरळ, हा वाद रंगला की दोन चित्रं हटकून पुढे येतात. एक तलवार लोखंड तोडते, दुसरी तरंगता रेशमी रुमाल कापते. ही जोडी रणांगणातून आलेली नाही, कादंबरीतून आली आहे. वॉल्टर स्कॉटच्या १८२५ सालच्या ‘द टॅलिस्मन’मध्ये धर्मयुद्धावर आलेला इंग्लंडचा राजा रिचर्ड गदेचा पोलादी दांडा एका घावात तोडतो. उत्तरादाखल त्याचा प्रतिस्पर्धी सुलतान सलाहुद्दीन आपल्या बाकदार तलवारीने आधी उशी आणि मग तलम ओढणी कापून दाखवतो. प्रत्यक्षात हे दोघे कधी समोरासमोर आलेच नाहीत. शिवाय बाराव्या शतकाच्या अखेरीस सलाहुद्दीनच्या फौजेतही सरळ पात्याच्या तलवारीच जास्त होत्या. पण ताकद पश्चिमेची आणि धार पूर्वेची, ही वाटणी तेव्हापासून डोक्यात बसली ती बसलीच.

शत्रूच्या तलवारीला नावं ठेवायची हौस मात्र त्याहून फार जुनी. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो की गॉल (आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या) लोकांची तलवार पहिल्याच घावाला वाकते आणि ती पायाखाली दाबून सरळ करावी लागते, तोवर रोमन शिपाई अंगावर आलेला असतो. पुढे उत्खननात मिळालेली पाती तपासली, तर काही खरोखरच मऊ लोखंडाची निघाली, पण काहींची धार चांगल्या पोलादाची होती. गॉल लोक मृताबरोबर पुरताना तलवार मुद्दाम वाकवत. अशा वाकवलेल्या तलवारींवरूनच ही कथा उठली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. आणि ज्या रोमनांच्या ग्लॅडियस या आखूड तलवारीचं एवढं कौतुक, त्यांनी ती स्पेनमधल्या शत्रूंकडून उचललेली.

एकोणिसाव्या शतकात या वादात प्रयोगशाळा उतरली. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत लोखंड बंद मुशीत कार्बनयुक्त पदार्थांबरोबर वितळवून ‘वुट्झ’ पोलाद बनत असे. दमास्कसच्या नावाने गाजलेली लहरदार नक्षीची पाती अशाच पोलादाची. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरेडेने १८१९ साली त्याचं विश्लेषण केलं. या पोलादाच्या गुणांचं त्याने शोधलेलं कारण चुकीचं ठरलं, पण त्या खटपटीतून मिश्र पोलादावरच्या प्रयोगांना चालना मिळाली. नक्षीमागे व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा नाममात्र अंश आहे, हे उमगायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. एक गोष्ट इथे सांगायला हवी: नक्षी देखणी असली म्हणून पातं अभेद्य होत नाही. कार्बन जास्त म्हणजे ठिसूळपणाचा धोकाही जास्त.

माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत बोलका पुरावा कॅप्टन लुई नोलनचा आहे. हा ब्रिटिश घोडदळाचा अधिकारी. निजामाच्या घोडेस्वारांनी एका चकमकीत केलेल्या जखमांचं वर्णन त्याच्या कानावर आलं: एका घावात तुटलेले हात, उडालेली मुंडकी. ही अचाट हत्यारं कुठली, म्हणून चौकशी केली तर उत्तर मिळालं की ती ब्रिटिश फौजेनेच मोडीत काढलेली जुनी पाती! नव्या मालकांनी त्यांना देशी मुठी बसवल्या होत्या, वस्तऱ्यासारखी धार लावली होती, आणि लढाईशिवाय ती लाकडी म्यानाबाहेर येत नसत. ब्रिटिश स्वाराची तलवार लोखंडी म्यानात असे, कवायतीला रोज बाहेर निघे आणि घासून बोथट होई. नोलनने हे १८५३ च्या आपल्या पुस्तकात मांडलं आणि पुढच्याच वर्षी तो क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या लढाईत मारला गेला. पातं तेच होतं, फरक होता म्यानाचा, धारेचा आणि मुठीचा. भारतीय तलवारीच्या मुठीची चकती मनगटाला फार वळू देत नाही, त्यामुळे घाव खांद्यातून, ओढून बसतो. युरोपी पद्धतीने मनगट फिरवणाऱ्याला तीच मूठ अडचणीची वाटे. अशा माणसाने दिलेला निकाल कितपत धरायचा?

कटानाचं वलय तर बरंचसं अलीकडचं. जपानी सामुराई, म्हणजे तिथला योद्धा, आधी घोड्यावरचा तिरंदाज, पुढे भालाईत. तलवार कमरेला असली तरी लढाईत दुय्यम. १८७६ च्या फर्मानाने ती जवळ बाळगणं बहुतेकांना बंद झालं आणि तिचं प्रतीक झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांनी आठवण म्हणून नेलेल्या तलवारींनी ती कीर्ती समुद्रापार पोचवली. पोलादाला घड्या घालत, म्हणजे दुमडून ठोकत जायचं, याबद्दल फार गूढ बोललं जातं. मुळात भट्टीतून निघणाऱ्या पोलादात कार्बन कुठे कमी तर कुठे जास्त असतो. तो सारखा करायला आणि मळी काढायला हा खटाटोप. पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवताना, पाठीवर मातीचा जाड थर असतो, म्हणून धार कडक होते आणि पाठ मऊ राहते. अशी धार अप्रतिम कापते, पण तिचा टवका उडू शकतो, आणि वाकलेलं पातं वाकलेलंच राहतं. चांगली युरोपी लाँगस्वर्ड वाकून परत सरळ होते. ती राक्षसी जड असते, ही समजूतही खोटी. बहुतेकींचं वजन दीड किलोच्या आसपास, म्हणजे कटानाहून फार वेगळं नाही. चिलखतापुढे मात्र दोघींची धार सारखीच हतबल. युरोपातले पंधराव्या शतकातले शस्त्रविद्येचे ग्रंथ चिलखतधाऱ्याशी लढताना पातं मधे हाताने धरून सांध्यात टोक खुपसायला, किंवा तलवार उलटी धरून मुठीने हाणायला शिकवतात.

कापायचं की भोसकायचं, हा या वादाचा गाभा. टोक दोन इंच आत गेलं तरी माणूस मरतो, असं रोमन लेखक वेजेशियस बजावून गेला होता. ब्रिटिश घोडदळाने त्याचं म्हणणं पूर्णपणे मानलं ते १९०८ साली, केवळ भोसकण्यासाठी घडवलेली सरळ, अरुंद तलवार देऊन. जाणकारांच्या मते घोडदळाच्या उत्तम तलवारींत ती मोडते. सहा वर्षांनी युरोपात पहिल्या महायुद्धाचे खंदक खणले गेले.