आइसलँड : कार्बन डाय-ऑक्साइड निर्मूलनाची क्षमता

हवेत आधीच साठलेला कार्बन डाय-ऑक्साइड काढून घेऊन तो दीर्घकाळ बंदिस्त करणे म्हणजे कार्बन निर्मूलन. धुराड्यातून बाहेर पडणारा वायू तिथेच अडवणे ही वेगळी गोष्ट. त्याने नवी भर थांबते, पण हवेतला जुना साठा घटत नाही. आइसलँडमध्ये ही दोन्ही कामे एकाच कातळाच्या भरवशावर चालतात. उत्तर अटलांटिकमधला हा देश जेमतेम चार लाख वस्तीचा आणि सुमारे 1,03,000 चौ. किमी. क्षेत्रफळाचा, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांश.

राजधानी रेक्याविकजवळच्या हेलिशेइदी या भूऔष्णिक (जमिनीतील उष्णतेवर चालणाऱ्या) वीजकेंद्रावर ‘कार्बफिक्स’ प्रकल्पाने हा वायू कातळात मुरवून त्याचा दगड करण्याची पद्धत घडवली. रेक्याविकची ऊर्जा कंपनी, आइसलँड विद्यापीठ, फ्रान्सची राष्ट्रीय संशोधन संस्था व अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ यांनी 2007 मध्ये त्याची सुरुवात केली. जमिनीत नुसता वायू सोडला तर तो फटींतून वर येण्याचा धोका असतो. म्हणून तो आधी पाण्यात विरघळवतात; खाली जाते ते एक प्रकारचे सोडावॉटर, आणि साध्या पाण्यापेक्षा जड असल्याने ते वर येऊ पाहत नाही. हे आम्लधर्मी पाणी बेसाल्टमधील, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकातील, कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह सुटे करते, त्यांचा कार्बनशी संयोग होतो आणि खडकाच्या छिद्रांत कॅल्साइटसारखी खनिजे धरतात. 2012 साली दोनशेहून अधिक टन वायू असा खाली सोडला गेला. या क्रियेला शेकडो वर्षे लागतील असा समज होता. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत मात्र 95 टक्क्यांहून अधिक वायूचा दोन वर्षांच्या आत दगड झालेला आढळला. या क्षेत्रातला इतका दिलासा देणारा निष्कर्ष विरळाच.

दख्खनचा काळा कातळही बेसाल्टच आहे. पुणे, नाशिक, जळगाव भागांतल्या खाणींत सापडणारे कॅल्साइट व झिओलाइटचे स्फटिक हे अशाच भरलेल्या पोकळ्यांचे नमुने होत. फरक वयाचा. दख्खनचा खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांचा असून त्याची बरीच छिद्रे बुजलेली आहेत. आइसलँडच्या ज्वालामुखी पट्ट्यातला खडक कोवळा, सच्छिद्र आहे. त्या पट्ट्यात तात्त्विकदृष्ट्या 950 ते 2,470 अब्ज टन वायू मावेल असा अंदाज मांडला गेला आहे. जगभरातले जीवाश्म इंधनांचे उत्सर्जन वर्षाला 37 अब्ज टनांच्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले की या आकड्याची झेप कळते.

पण साठवणीची जागा म्हणजे क्षमता नव्हे. हवेत हा वायू 0.04 टक्के इतकाच असतो. तो वेचण्यासाठी प्रचंड हवा पंख्यांनी ओढावी लागते आणि गाळणीत अडकलेला वायू सुमारे 100 अंश सेल्सियसच्या उष्णतेने सोडवावा लागतो. क्लाइमवर्क्स या स्विस कंपनीने हेलिशेइदीलाच सप्टेंबर 2021 मध्ये ‘ऑर्का’ हे वर्षाला 4,000 टन क्षमतेचे, तर मे 2024 मध्ये ‘मॅमथ’ हे 36,000 टनांच्या आराखड्याचे संयंत्र सुरू केले. ऑर्काची प्रत्यक्ष कामगिरी घोषित क्षमतेच्या बरीच खाली राहिली. शिवाय एक टन वायू मुरवायला सुमारे 25 टन पाणी लागते. आइसलँडला पाण्याची ददात नाही, तरी समुद्राचे पाणी वापरण्याचे प्रयोगही तिथे झाले आहेत.

लोकांची संमती हा या क्षमतेचा तितकाच खरा घटक आहे. युरोपातून जहाजाने वायू आणून वर्षाला 30 लाख टनांपर्यंत जमिनीत सोडण्याचा ‘कोडा टर्मिनल’ प्रकल्प हाफ्नारफ्यॉर्दूर गावाजवळ आखला होता. भूजल, भूकंप आणि वायू सोडण्यासाठी घरांजवळ खणायच्या विहिरी यांविषयी रहिवाशांनी जोरदार हरकती घेतल्या. 2025 मध्ये तिथला बेत सोडावा लागला.

यंत्रांच्या चर्चेत जमीन मागे पडते, हे खेदाचे आहे. नवव्या शतकात वसाहत झाली तेव्हा या बेटाचा किमान चौथा हिस्सा बर्चच्या रानाखाली होता असे मानतात. कुऱ्हाड आणि मेंढ्यांच्या चराईने तो पार उघडा पडला, माती वाऱ्यावर गेली. आज झाडी दोन टक्क्यांच्या आसपास आहे. नवी झाडी व सावरलेली माती हवेतला कार्बन खरोखर ओढून घेतात, मात्र सावकाश. चर खणून सुकवलेल्या पाणथळींतून आजही मोठ्या प्रमाणावर कार्बन हवेत जातो; ते चर बुजवले की ही गळती आटते.