विशाखा समिती (विद्यापीठं आणि कॉलेजांतली)

विद्यापीठात किंवा कॉलेजात लैंगिक छळाची तक्रार आली की ती ऐकून घेणारी, चौकशी करणारी आणि पुढे काय कारवाई करावी ते सुचवणारी समिती. महाराष्ट्रात तिला सर्रास विशाखा समिती म्हणतात, कागदावर नाव अंतर्गत तक्रार समिती, आद्याक्षरांवरून आयसीसी. २०१६ च्या एका दुरुस्तीनं २०१३ च्या मूळ कायद्यातला ‘तक्रार’ हा शब्द गेला आणि नुसती ‘अंतर्गत समिती’ राहिली, पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत जुनंच नाव आहे, त्यामुळे एकाच कॉलेजच्या वेबसाइटवर आयसीसी, आयसी, विशाखा समिती, महिला तक्रार निवारण समिती अशी चार नावं दिसतात आणि चारही ठिकाणी माणसं तीच. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांतला महिला विकास कक्ष मात्र वेगळा, त्याचा भर व्याख्यानं-कार्यशाळांवर असतो; कायद्यानं चौकशी करायची ती समितीनंच. जातीवरून किंवा धर्मावरून भेदभाव झाल्याची तक्रार या समितीकडे येत नाही, तिचा रस्ता निराळा आहे आणि बराच खडबडीत, त्याबद्दल खाली.

नावाचा घोळ. विशाखा ही छळ झालेली मुलगी होती असं बऱ्याच विद्यार्थ्यांना (आणि काही प्राध्यापकांनाही) वाटतं. तसं नाही. विशाखा ही राजस्थानातली स्त्रियांच्या शिक्षणावर काम करणारी संस्था, सुप्रीम कोर्टातल्या याचिकेत अर्जदारांमध्ये तिचं नाव पहिलं होतं म्हणून निकालाला ते नाव पडलं. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्या भंवरीदेवी. भटेरी गावच्या, कुंभार समाजातल्या, राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, आणि १९९५ मध्ये जयपूरच्या कोर्टानं बलात्काराच्या आरोपातून आरोपींना सोडलं. आता इथे एक चूक सगळीकडे कॉपी-पेस्ट होत आलीये, ती म्हणजे आरोपी सुटले म्हणून महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. याचिकांचा क्रमांकच १९९२ चा आहे (६६६ ते ७०), म्हणजे त्या आरोपी सुटण्याच्या तीनेक वर्षं आधीच दाखल झाल्या होत्या. शिवाय मागणी त्या एका गुन्ह्याच्या शिक्षेपुरती नव्हती, सरकारी काम करताना बाईला धोका झाला तर जबाबदार कोण, हा प्रश्न होता. निकाल १३ ऑगस्ट १९९७ चा, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा, सुजाता मनोहर आणि बी. एन. किरपाल यांचा. कायदा होईपर्यंत त्यातली मार्गदर्शक तत्त्वंच कायदा समजायची होती. समितीची प्रमुख बाई असावी, निम्म्याहून कमी बायका नकोत आणि बाहेरच्या संस्थेचा एक माणूस हवाच, हे तेव्हा ठरलं ते आजतागायत तसंच आहे.

विद्यापीठात ही समिती आली कुठून, यावर दोन मतं दिसतात. एक सरळ, की विशाखा निकालातून आली. दुसरं असं की दिल्लीत विद्यार्थिनी आणि शिक्षिकांचे गट १९९० च्या दशकात यावर आधीपासूनच काम करत होते, निकालानं फक्त त्यांच्या हातात काठी दिली. प्रस्तुत नोंदीचा कल दुसऱ्या मताकडे आहे, निदान समितीच्या घडणीपुरता. कारण विशाखा निकालाची भाषा मुख्यतः नोकरदार बाईची, ‘कामाचं ठिकाण किंवा इतर संस्था’ एवढीच फट तिच्यात होती, आणि विद्यार्थिनी काही पगारी नोकर नाही. ती फट रुंद केली विद्यापीठांनी स्वतः. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ मध्ये ‘जीएसकॅश’ नावाची समिती उभी राहिली, तिच्यात विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी असे सगळ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असायचे. विद्यार्थ्यानं निवडणूक लढवून चौकशी समितीत बसणं ही गोष्ट विशाखा निकालात कुठेही नाही, ती कॅम्पसची देणगी. (ही समिती सप्टेंबर २०१७ मध्ये बरखास्त करून तिच्या जागी आयसीसी आणली, त्यावरून मोठं आंदोलन झालं. प्रशासनाचं म्हणणं की आता कायदा आलाय तर त्याप्रमाणेच समिती हवी, विरोधकांचं म्हणणं की निवडून आलेली समिती जाऊन नेमलेली समिती आली.)

पुण्याचा या इतिहासातला वाटा बरेच जण विसरतात. ‘आलोचना’ या पुण्याच्या संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी विशाखाची अंमलबजावणीच होत नाही असं सुप्रीम कोर्टाला पत्र लिहून कळवलं, कोर्टानं ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. त्यातून २००४ मध्ये एक आदेश निघाला, दिसायला रुक्ष पण फार मोलाचा: समितीचा अहवाल हाच सेवानियमांखालचा खातेनिहाय चौकशी अहवाल समजावा. त्याआधी काय व्हायचं, तर समिती दोषी म्हणायची, मग प्रशासन नव्यानं खातेनिहाय चौकशी लावायचं आणि त्या मुलीला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागायचं. अंतिम निकाल १९ ऑक्टोबर २०१२ ला लागला, त्यात राज्यांना आणि व्यावसायिक परिषदांनाही कोर्टानं कामाला लावलं.

पुढचा कायदा म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा, बोलण्यात ‘पॉश’ (९ डिसेंबर २०१३ पासून लागू). त्यात शिक्षणसंस्था नावानिशी आल्या आणि पीडित महिलेची व्याख्या ‘नोकरीत असो वा नसो’ अशी झाली, त्यामुळे विद्यार्थिनीचा प्रश्न मिटला. यूजीसीनं त्याच वर्षी ‘सक्षम’ नावाचा अहवाल काढला, त्यानंतर स्वतंत्र नियम केले. हे नियम नावानं २०१५ चे, राजपत्रात छापून आले २ मे २०१६ ला, म्हणून कुठे २०१५ तर कुठे २०१६ लिहिलेलं दिसतं आणि दोन्ही एका अर्थी बरोबर. पॉश आणि यूजीसी यातला महत्त्वाचा फरक असा की पॉशमध्ये तक्रारदार फक्त बाई असू शकते, यूजीसीच्या नियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांनाही असा त्रास होऊ शकतो हे मान्य करून संस्थेवर जबाबदारी टाकलीये. दुसरं, कॅम्पसची हद्द. गेटच्या आत म्हणजे कॅम्पस असं नाही, फील्ड ट्रिप, इंटर्नशिप, स्टडी टूर, गॅदरिंग, स्पोर्ट्स मीट, कॉलेजची बस, हॉस्टेल, कँटीन, सगळं त्यात येतं.

रचना. अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका (विद्यापीठात प्रोफेसरच्या खालची नको, कॉलेजात असोसिएटच्या खालची नको), दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती, आणि प्रकरणात विद्यार्थी असतील तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या तीन पातळ्यांवरचे तीन निवडून आलेले विद्यार्थी. कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, डीन, एचओडी यांना समितीत बसता येत नाही, आणि नियमांतलं सगळ्यात शहाणपणाचं कलम हेच, कारण ज्याची सही कारवाईवर लागणार तोच चौकशीला बसला तर चौकशी कसली. विद्यार्थ्यांच्या निवडणुकीबद्दल महाराष्ट्रात बोलायची सोय नाही, जिथे विद्यार्थी परिषदेच्याच खुल्या निवडणुका वर्षानुवर्षं झाल्या नाहीत तिथे समितीवर कोणी निवडून येणार कुठून, बहुतेक ठिकाणी एचओडी ‘तू हुशार आहेस, तुझं नाव टाकतो’ म्हणतात आणि झालं. बाहेरच्या सदस्याला पॉशच्या नियमांत दिवसाचे दोनशे रुपये भत्ता आणि एसी थ्री टिअरचं भाडं आहे. दोनशे रुपयांत दिवसभर सुनावणीला बसणारी माणसं मिळतात हे या व्यवस्थेचं नशीबच म्हणायचं.

कामाची पद्धत. तक्रार लेखी, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. सात दिवसांत प्रत समोरच्याला, त्याचं उत्तर दहा दिवसांत, चौकशी नव्वद दिवसांत, अहवाल दहा दिवसांत, प्रशासनानं कारवाई तीस दिवसांत. कागदावरचं हे वेळापत्रक अडतं ते बहुतेक आवक खिडकीपाशी. अर्ज आवक-जावकमध्ये दिला की क्लार्क विषय वाचून रजिस्टरमध्ये लिहितो, ‘अमुक सरांविरुद्ध तक्रार’, नंबर टाकतो, शिक्का मारतो, आणि संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत. गोपनीयतेचं कलम त्या रजिस्टरला कोणी वाचून दाखवलेलं नसतं. म्हणून जाणती अध्यक्ष बाई अर्ज बंद पाकिटात थेट स्वतःकडे घेते, वर फक्त ‘गोपनीय’ आणि तारीख, आणि पोच स्वतःच्या सहीनं देते. सुनावणीत वकील आणता येत नाही. उलटतपासणी समोरासमोर न घेता प्रश्न लिहून अध्यक्षांकडे द्यायचे, त्या वाचून विचारतात, दोघं वेगळ्या खोल्यांत किंवा मध्ये पडदा, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. चौकशी चालू असताना समोरच्यानं तक्रारदार मुलीचे पेपर तपासायचे नाहीत, तिच्या कामाचं मूल्यमापन करायचं नाही, असा आदेश समितीला सुचवता येतो. पीएचडीच्या मुलीसाठी हे कलम सगळ्यात गरजेचं, कारण तिथे छळणारा आणि गाईड एकच असू शकतो, आणि गाईड बदलायचा तर नवा गाईड पुढे यावा लागतो, त्याला आपल्या सहकाऱ्याशी वाकडं घ्यायचं नसतं. समेट फक्त तक्रारदारानं मागितला तरच, आणि पैसे देऊन नाही. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी असं होत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय, तरी ‘खोट्या तक्रारींवर कारवाई होईल’ हे वाक्य फ्लेक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं.

घाई केली तर काय होतं याचं उदाहरण गोवा विद्यापीठाचं. २००९ मध्ये विद्यार्थिनींच्या तक्रारींवरून एका प्राध्यापकाची चौकशी झाली, त्याला बडतर्फ केलं, हायकोर्टानंही ते कायम ठेवलं. १२ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टानं ती बडतर्फी रद्द केली आणि चौकशी पुन्हा करायला सांगितली, कारण त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळच दिला नव्हता. समितीनं तक्रारदारांच्या भल्यासाठी घाई केली आणि नुकसान त्यांचंच झालं, असा कोर्टाचा सूर होता. चौदा वर्षांनी त्या मुलींनी पुन्हा साक्ष द्यायची म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. याच निकालात देशभरातल्या समित्या खरंच नेमल्यात का हे तपासायचे आदेशही होते. उशीर केला तर काय होतं ते कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठाच्या प्रकरणात दिसलं. तक्रार थेट कुलगुरूंविरुद्ध होती, आणि मालकाविरुद्धची (इथे म्हणजे संस्थेच्या प्रमुखाविरुद्धची) तक्रार अंतर्गत समितीकडे नाही तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, अर्ज डिसेंबर २०२३ चा, म्हणून मुदतीबाहेर म्हणून फेटाळला. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते फेटाळणं कायम ठेवलं, पण हा निकाल त्या कुलगुरूंच्या बायोडेटाचा भाग राहील असंही सांगितलं.

भेदभावाच्या तक्रारी. इथे कायद्याचा आधार एकदम पातळ होतो. सुखदेव थोरात (मूळचे अमरावती जिल्ह्यातले, तेव्हाचे यूजीसीचे अध्यक्ष) यांच्या समितीनं २००७ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या जातीय भेदभावावर अहवाल दिला. २०१२ मध्ये यूजीसीनं समता नियम केले: समान संधी कक्ष, एक भेदभावविरोधी अधिकारी, साठ दिवसांत निर्णय. पण लैंगिक छळाच्या समितीमागे संसदेचा कायदा आहे आणि समिती नेमली नाही तर पन्नास हजारांचा दंड, इथे नुसते नियम, आणि बाहेरचा सदस्य सक्तीचा नाही. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला आणि मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर हॉस्पिटलात पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी यांचे मृत्यू झाले, दोन्ही प्रकरणांत जातीवरून छळाचे आरोप होते. पायल तडवी प्रकरणात गुन्हा अ‍ॅट्रॉसिटी कायदा, महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा आणि आत्महत्येस प्रवृत्त करणं यांखाली दाखल झाला, म्हणजे जातीचा अपमान कॅम्पसवरच्या कुठल्या खिडकीत नोंदवायचा याचं उत्तर शेवटी रॅगिंगच्या आणि फौजदारी कायद्यात शोधावं लागलं. त्या दोघांच्या आयांनी, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली, २०१२ चे नियम कागदावरच आहेत म्हणून. ती चालू असतानाच यूजीसीनं १३ जानेवारी २०२६ ला नवे समता नियम काढले, ओबीसी विद्यार्थीही त्यात आले, समता समित्या आल्या. खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांनी व्याख्येवर आणि खोट्या तक्रारींबद्दल कलम नसण्यावर आक्षेप घेतले आणि २९ जानेवारीला कोर्टानं स्थगिती दिली, २०१२ चेच नियम तूर्त चालू ठेवले.

एकाच मुलीला जातीवरून टोमणे आणि अंगचटीला येणं दोन्ही सोसावं लागलं, आणि तसं होतंच, तर तिला आजही दोन अर्ज करावे लागतात, दोन ठिकाणी, दोन वेगळ्या मुदतींत. समितीतल्या बाईंना जातीचा भाग ऐकू येतो पण लिहिता येतो का याची खात्री नसते, आणि दुसऱ्या टेबलावरचा अधिकारी म्हणतो हे विशाखाकडे द्या.