युद्धाचा मूकपट आणि छावणीतली भांडी

स्पेन-अमेरिका युद्धाला १८९८ च्या एप्रिलमध्ये तोंड फुटलं. एडिसनच्या कंपनीसाठी विल्यम पेली हा कॅमेरामन फ्लोरिडातल्या टँपाला पोचला. क्युबावर निघालेलं सैन्य तिथे जहाजांची वाट बघत तळ ठोकून होतं. त्याने टिपलं काय? ताटल्या घासणारे सैनिक, सकाळी उघड्यावर हात-तोंड धुणारी नववी इन्फन्ट्री, नव्या रंगरुटाला घोंगडीत घालून वर उडवणारे त्याचे सोबती. एकेक फिल्म जेमतेम मिनिटभराची.

शिपायांच्या रोजच्या जगण्याबद्दल कंपनीला फार जिव्हाळा होता, असं मानायचं कारण नाही. कॅमेरा अवजड, तिवईवर बसवून हाताने दांडा फिरवायचा. लांबची चकमक त्यात ठिपक्यांएवढी दिसणार, जवळ जावं तर जिवाशी गाठ. छावणीत ऊन भरपूर आणि माणसं रिकामी!

प्रेक्षकांना मात्र लढाईच हवी होती. मग ती घरच्या घरी झाली. न्यूयॉर्कमध्ये ब्लॅकटन आणि स्मिथ या चित्रपट काढणाऱ्या जोडीने जहाजांची कापलेली चित्रं पाण्यात तरंगवली, वर सिगारचा धूर सोडला आणि क्युबातल्या सँटियागोची आरमारी लढाई म्हणून लोकांना दाखवली. हा किस्सा पुढे त्यांनीच रंगवून सांगितला, तेव्हा त्यातही थोडं मीठमसाला असणारच.

टँपाच्या फिल्म आज बघता येतात त्या कायद्यातल्या एका त्रुटीमुळे. १९१२ पर्यंत अमेरिकेत चित्रपटाला स्वतंत्र कॉपीराइट नव्हता. म्हणून कंपन्या अख्खी फिल्म कागदाच्या पट्टीवर छापून छायाचित्रं म्हणून नोंदवत. नायट्रेट या चटकन पेट घेणाऱ्या पदार्थाच्या मूळ फिती बहुतेक जळाल्या, सडल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला कागद टिकला.

१८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांच्यातल्या युद्धावर गेलेल्या विल्यम डिक्सन या कॅमेरामनलाही प्रत्यक्ष लढाईऐवजी तिच्या मागचंच टिपावं लागलं. बायोग्राफ कंपनीचा कॅमेरा म्हणजे धूडच. स्पिऑन कोपच्या लढाईची त्याची प्रसिद्ध फिल्म दाखवते टुगेला नदी ओलांडणाऱ्या जखमींच्या गाड्या. गांधीजींचं हिंदी रुग्णसेवा पथकही त्याच लढाईत जखमी वाहत होतं.

पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या सोम लढाईवरच्या ब्रिटिश चित्रपटात मॅलिन्स आणि मॅकडॉवेल हे कॅमेरामन आघाडीच्या पुष्कळ जवळ पोचले. तरी खंदकातून वर चढून धावणाऱ्या सैनिकांचं त्यातलं सर्वांत गाजलेलं दृश्य आघाडीमागे करवून घेतलेलं होतं. दारूगोळ्याचे ढीग, कूच करणाऱ्या पलटणी, जखमींची मलमपट्टी हे मात्र खरं. पहिल्या सहा आठवड्यांत ब्रिटनमध्ये त्याची सुमारे २ कोटी तिकिटं खपली.