‘याचा उपयोग काय?’ : शालेय उपकरणांना लागणाऱ्या एका अटीची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांत भरणाऱ्या शालेय विज्ञान प्रदर्शनांत मांडलेल्या उपकरणाबद्दल बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो त्याच्या उपयोगाचा. केवळ गंमत म्हणून केलेले, किंवा साधे काम मुद्दाम लांबवणारे यंत्र या प्रश्नापुढे टिकत नाही, आणि ते करणारा विद्यार्थी पुढच्या वर्षी ठिबक सिंचनाचा नमुना घेऊन येतो. राष्ट्रीय पातळीवरील प्रदर्शने १९७१ पासून होत आहेत आणि शेती, आरोग्य, ऊर्जा असे विषय नेमून देण्याची पद्धतही नवी नाही. तथापि उपयुक्ततेला आज आलेले वजन प्रामुख्याने २०१६ नंतरचे आहे.

बिनकामाच्या यंत्रांचा त्याआधीचा इतिहास लांबलचक असला तरी येथे थोडक्यात पुरे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात वाफेवर फिरणाऱ्या पोकळ गोळ्याचे वर्णन लिहिले गेले, पण त्याच्याकडून कोणी काम करून घेतले नाही. अकराव्या शतकातील माळव्याच्या राजाच्या नावावर असलेल्या वास्तुग्रंथात करमणुकीच्या यंत्रांना स्वतंत्र अध्याय आहे. १७३९ मध्ये फ्रान्समध्ये दाणे टिपणारे यांत्रिक बदक दाखवणाऱ्या कारागिराकडे पुढे रेशीम उद्योगाच्या देखरेखीचे काम आले आणि १७४५ च्या सुमारास त्याने स्वयंचलित माग तयार केला. बदकामुळेच माग झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. हात मात्र बदकावर बसला होता.

कोल्हापुरात हा विषय निघाला की १९१८ च्या सुमारास येथे तयार झालेल्या चित्रपट कॅमेऱ्याचा दाखला हटकून दिला जातो. तो नेमका नाही. नात्याने भाऊ असलेल्या दोन चित्रकारांना चित्रपट काढायचा होता, त्यासाठी कॅमेरा हवा होता, आणि त्यांपैकी एकाचे १९१६ मध्ये निधन झाल्यावर दुसऱ्याने सहकाऱ्यांच्या मदतीने तो तडीस नेला. उद्देश पहिल्या दिवसापासून स्पष्ट होता. येथल्या ऑइल इंजिनांमागेही विहिरीवरच्या पंपांची गरज उभी होती. बिनकामाच्या कारागिरीची खरी शाळा भरत आली ती गणेशोत्सवातील तांत्रिक देखाव्यांत, विशेषतः राजारामपुरीतील मंडळांच्या मांडवांत. सायकलची चेन, गाडीच्या वायपरची मोटर आणि भंगारातली चाके जुळवून राक्षसाची मान वळवायची, ती ध्वनिमुद्रित संवादाशी बरोबर जमवायची आणि अनंत चतुर्दशीनंतर सगळे सोडवून टाकायचे, यात व्यवहाराचा काहीच हिशेब बसत नाही. फिरत्या चाकातून पुढे-मागे होणारी हालचाल कशी काढायची, मोटरचा वेग कसा उतरवायचा, जड हाताला मागून वजन किती द्यायचे, हे मात्र तेथे रात्री जागून शिकता येते. शाळेच्या दप्तरी त्याची नोंद होत नाही.

वादाचा मुद्दा २०१६ मधील निर्णयाचा आहे. त्या वर्षी जानेवारीत केंद्र सरकारने नवउद्योगांसाठी (स्टार्टअप) कृती आराखडा जाहीर केला आणि शालेय मुलांच्या कल्पनांचा कार्यक्रम त्याच आराखड्यात घातला. पाच लाख शाळांतून दहा लाख कल्पना गोळा करण्याचे आणि ५०० टिंकरिंग प्रयोगशाळा, म्हणजे मुलांनी साधने हाताळून वस्तू बनवण्याच्या शाळेतील खोल्या, उभारण्याचे उद्दिष्ट त्यात होते. पुढे निवडलेल्या कल्पनेमागे विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये आणि सहावी ते बारावीसाठीच्या एका प्रयोगशाळेमागे २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, अशी व्यवस्था झाली. कल्पना निवडताना नावीन्याबरोबर सामाजिक उपयोगही पाहिला जाऊ लागला.

या निर्णयाच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. सार्वजनिक पैसा खर्च होतो तेव्हा त्याचे फळ विचारले जाणारच, आणि चंदगड-आजऱ्याच्या मुलीने आपल्या शेतातली अडचण मांडावी यात गैर काही नाही. परंतु ज्या चाळणीने उद्योजक निवडायचा तीच मुलाला लावली गेली, हे नाकारता येत नाही. १९७० चा पेटंट कायदा क्षुल्लक शोधांना संरक्षण देत नाही आणि औद्योगिक वापराची अट घालतो. तेथे ती अट योग्यच आहे, कारण पेटंट म्हणजे काही वर्षांची मक्तेदारी असते. बारा वर्षांच्या मुलाला कोणी मक्तेदारी देत नसते. उपयोग आधी सिद्ध करायचा म्हटले की मूल ठरलेले उत्तर निवडते आणि बाजारात मिळणारा तयार संच आणते. मग तो जोडण्यापलीकडे शिकण्यासारखे फारसे उरत नाही.

अमेरिकेतील एका विद्यापीठात १९४९ मध्ये सुरू झालेली आणि १९८३ मध्ये पुन्हा चालू झालेली यंत्रे बनवण्याची स्पर्धा याच्या अगदी उलट तत्त्वावर आहे: साधे काम मुद्दाम अनेक टप्प्यांत करायचे. गोटी ढळली नाही तर फळी पडत नाही आणि फळी पडली नाही तर पुढचे काहीच हलत नाही, त्यामुळे प्रत्येक सांधा अनेकदा तपासावाच लागतो. आपल्याकडे मध्य प्रदेशातील होशंगाबाद भागात १९७२ पासून चाललेल्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगातून काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी पुढे आली, ज्यांतून त्रिकोण हलत नाही आणि चौकोन हलतो हे बोटांना कळते. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या शेवटी हसू आणणाऱ्या बिनकामाच्या वस्तूंसाठी दहा नियम झाले: वस्तू प्रत्यक्ष बनवलेली हवी, विकायची नाही, पेटंट घ्यायचे नाही. त्या प्रकारच्या १९९५ च्या एका संग्रहात स्वतःचा फोटो काढण्याची काठी होती. रंकाळ्यावर फिरणाऱ्यांना तिची ओळख करून द्यायला नको. हा दाखला मात्र जपून वापरावा, कारण तो शेवटी उपयुक्ततेच्याच बाजूने बोलतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद केली, तर २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत ५०,००० टिंकरिंग प्रयोगशाळा जाहीर झाल्या. पहिल्या तरतुदीत सुतार, कुंभार, माळी, कलावंत यांचा उल्लेख आहे आणि मुलाने केलेली वस्तू उपयोगाची असावी अशी अट नाही. त्या यादीत देखाव्याच्या मांडवातला मेस्त्री बसवायला कोल्हापूरच्या शाळांना हरकत नसावी.