टिप खडू का धरत नाही?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पूल पार्लरमध्ये भाच्याचा डाव बघत बसलो होतो. काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी, पांढऱ्याला जरा साइड देऊन, म्हणजे मध्यापासून थोडं बाजूला मारून, जागेवर आणायचं, एवढंच काम. क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, बसला आणि ‘टच्च’ असा कोरडा आवाज आला. पांढरा भलत्याच दिशेनं निघाला आणि स्वतःच पॉकेटात जाऊन पडला. "मामा, हितला खडूच डुप्लिकेट हाय," म्हणत पोरगं काउंटरवरून नवा खडू घेऊन आलं. पुढच्या डावात परत मिस्क्यू, म्हणजे क्यूचं टोक बॉलवरून घसरलं.

क्यू हातात घेतला आणि त्याची टिप, म्हणजे टोकाला चिकटवलेलं चामडं, ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. कडेला निळा रंग होता, मधे मात्र टिप नव्या स्टीलच्या वाटीसारखी चकाकत होती. तिथं खडू लागणार कसा?

मुळात हा खडू खडू नव्हेच. फळ्यावरचा खडू म्हणजे चुनखडी नाहीतर जिप्सम. काठिण्याच्या मोहज् पट्टीवर एक 3, दुसरं 2. जिप्समवर तर नखानं ओरखडा उठतो. क्यूला लावायच्या निळ्या ठोकळ्याचं पेटंट 1897 साली अमेरिकेत विल्यम स्पिंक्स हा बिलियर्ड्सपटू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ या दोघांनी घेतलं. त्यांच्या मिश्रणात होती सिलिका आणि कुरुंद, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. काठिण्य 7 आणि 9. चुनखडीचं दाबाखाली पीठ होतं, हे कण टोकदार राहतात. एका अर्थानं आपण टिपेवर सुटा पॉलिश पेपर फासत असतो.

‘सुटा’ हा शब्द लक्षात ठेवा, सगळी गंमत तिथंच आहे. कोल्हापुरात घर्षण समजावताना मी नेहमी तालमीचा दाखला देतो: पैलवान अंगावर तांबडी माती घेतात, घामानं निसटणारी पकड परत येते. पण माती मुख्यतः घाम शोषून घेते, आणि टिपेला काही घाम येत नाही. इथं दाखला शहाबादी फरशीवर सांडलेल्या वाळूचा घ्यायला हवा. तीच वाळू, तितकीच कठीण; पण फरशीवर तिचे कण पायाखाली गडगडतात आणि माणूस आडवा होतो. कागदाला सरसानं चिकटवली की तीच वाळू लाकूड खरवडते. कणाला मागून कुणीतरी धरून ठेवावं लागतं. क्यूमध्ये ते काम चामडं करतं.

चामडं म्हणजे कोलॅजेनच्या तंतूंची उभी-आडवी-तिरपी वीण. भिंगाखाली नीट राखलेली टिप नारळाच्या काथ्यासारखी दिसते, आणि निळे कण त्या केसाळ जाळीत अडकून बसलेले असतात. आता तिच्यावर काय बेततं बघा. पांढरा बॉल साधारण 170 ग्रॅमचा. जरा जोरात मारला की सेकंदाला 5 मीटर वेगानं सुटतो. टिप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग. गणित केलं तर सरासरी बल येतं 850 न्यूटन, म्हणजे 85 किलोचा गडी, आणि तो उभा राहणार दोन-तीन मिलिमीटरच्या ठिपक्यावर. असे शेकडो फटके बसले की तंतू आडवे होतात, एकमेकांत दाबले जातात, फटींमध्ये बारीक भुकटी आणि बोटांचं तेल ठासलं जातं. काथ्याची फरशी झाली. तिच्यावर कितीही खडू घासा, ती सांडलेली वाळूच.

आता माझा आवडता भाग. कुणाला त्रिकोणमितीचा राग असेल त्यानं पुढचा परिच्छेद ओलांडला तरी चालेल, पण मग पार्लरमध्ये वाद घालू नये.

बॉलच्या बरोबर मध्यावर मारलं तर खडूची जवळजवळ गरजच नाही. मध्यापासून बाजूला गेलं की बॉलचा पृष्ठभाग तिरपा येतो आणि क्यूच्या बलाचे दोन भाग पडतात: एक बॉलच्या केंद्राकडे दाबणारा, दुसरा पृष्ठभागावरून घसरू पाहणारा. दुसऱ्याचं पहिल्याशी गुणोत्तर म्हणजे त्या तिरपेपणाच्या कोनाचं टॅन. हे गुणोत्तर घर्षणांकापेक्षा मोठं झालं की टिप घसरली. खडू धरलेल्या टिपेचा घर्षणांक असतो 0.6 च्या आसपास, म्हणजे कोन साधारण 31 अंश. पूलचा बॉल 57.15 मिलिमीटर व्यासाचा. त्याच्यावर हा बिंदू मध्यापासून 15 मिलिमीटरला जरा कमी अंतरावर येतो, त्रिज्येच्या निम्म्याहून किंचित पुढं. गुळगुळीत टिपेचा घर्षणांक 0.3 धरा, हद्द आली 8 मिलिमीटरवर. भाच्याचा ‘जरा साइड’ या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी होता. बिलियर्ड्सचं गणित 1835 साली गास्पार कोरिओलिसनं मांडलं, तोच तो वाऱ्यांची दिशा वळवणारा, भूगोलाच्या पुस्तकातला कोरिओलिस.

याच गणितानं जाहिरातींची हवाही जाते. हल्ली एकेक खडू हजारांत विकला जातो. समजा, त्यानं घर्षणांक 0.6 चा 0.7 केला. हद्द किती सरकली? पावणेदोन मिलिमीटर. ज्याचा हात तेवढा स्थिर असेल त्यानं जरूर घ्यावा. अमावस्येला टिप बदलायची नाही, अमक्याचा खडू ‘लकी’ आहे, असं मानणारे गडीही आहेतच. त्यांच्या टिपा तिरप्या धरून बघाव्यात, चंद्रापेक्षा त्याच जास्त चकाकतात.

टिपेचा घुमट का राखायचा तेही इथंच कळतं. 13 मिलिमीटरची टिप सपाट असेल तर बाजूला मारताना तिची धार लागते. हल्लीच्या लहान रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी गोलाई असेल तर 30 अंशांवर टिपेचा जो भाग बॉलला टेकतो तो तिच्या मध्यापासून सुमारे 5 मिलिमीटरवर असतो. म्हणजे जिथं खडूची खरी गरज, ते ठिकाण टिपेच्या काठाजवळ आहे. आणि आपले लोक काय करतात? खडूच्या खळग्यात क्यू घालून रवी घुसळल्यासारखा फिरवतात. खडूला भोक पडतं, टिपेखालची पांढरी कडी, म्हणजे फेरूल, निळी होते. खडू हलक्या हातानं, काजळ लावल्यासारखा पुसत न्यावा, क्यू फिरवत सगळीकडून, आणि मग डोळ्यानं बघावा. थरावर थर नको. फटक्यानंतर खडूचा ठिपका बॉलवर उरतो, आणि नेमका तोच दोन बॉलच्या मधे आला तर बॉल क्षणभर एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि नेम चुकतो.

तो क्यू मी चप्पल लाइनीत ओळखीच्या कारागिरांकडे नेला. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्यावर त्यांचा जन्म गेलाय. त्यांनी टिपेवरून अंगठा फिरवला आणि स्वतःच्या पायातली चप्पल काढून उलटी धरली. टाचेखालचा तळ तसाच चकाकत होता. "पावसात ह्यो असा झाला की माणूस बसलाच. जरा खरवडायचं, दुसरं काय." पुढ्यात पडलेल्या पॉलिश पेपरच्या तुकड्यानं टिपेच्या मध्यापासून काठाकडे चार हात फिरवले, चकाकी गेली. मग आरीच्या टोकानं आठ-दहा हलके टोचे दिले. मी "आणखी चार द्या की" म्हटलं तर मान हलवली. जास्त टोचलं की तंतू तुटतात आणि टिप भुसभुशीत होते. फटक्यांनी टिप कडेला अळंबीसारखी पसरली होती, तेवढी रापीनं फेरूलच्या बरोबरीत छाटली. छाटलेली कड किंचित ओली करून चामड्याच्या तुकड्यानं घासून घट्ट केली. कड गुळगुळीत, माथा खरबरीत. माथ्याला मात्र पाण्याचा थेंबही लागू दिला नाही, ओलं चामडं मऊ पडतं. जुलैच्या कोल्हापुरी हवेत ते आपोआपच थोडं पडतं, म्हणून पावसाळ्यात क्यू पिशवीत आणि खडू झाकणाच्या डबीत.

पैसे विचारले तर म्हणाले, "ह्याचं काय घ्यायचं? पण ही कशाची हाय, डुकराची का म्हशीची?" अशा थर चिकटवून केलेल्या टिपा दोन्हींच्या निघतात. थर मोजून सांगता येईना, म्हणून त्यांनी छाटलेली कातरण उचलून उजेडात धरली.